मास्तरांची पाच पिस्तुलं

‘ती घटना आजही आठवते’ असं लिहायची आम्हा निवृत्त पोलिसांची पद्धत आहे. जणू मधली वर्षं आम्ही ती विसरून सुखात होतो. ह्या घटनेचं तसं नाही. नोकरीत मी खून उघडकीला आणले, दरोडेखोर धरले. त्यातले निम्मे आरोपी उद्या समोर आले तर मी ओळखणारही नाही. पण एका सरळ माणसाला मी ज्या केसमध्ये आत घातलं, ती केस सकाळी दाढी करताना हमखास डोक्यात येते. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझंही नको.

तेव्हा मी कोल्हापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवडणूक लागलेली होती. निवडणूक लागली की ठाण्यात दोन कामं ठरलेली. परवाना असलेल्यांची हत्यारं जमा करून घ्यायची आणि बिनपरवाना हत्यारं शोधून काढायची. पहिलं काम सोपं. सकाळपासून माजी सैनिक, बागायतदार, पुढारी आपापली बंदूक घेऊन रांगेत उभे राहतात आणि हवालदार पावत्या फाडतो. दुसरं काम म्हणजे डोक्याला ताप. क्राईम मीटिंगला वरिष्ठ एकेका प्रभारीला उभं करून विचारतात, आर्म्स अ‍ॅक्टच्या केसेस किती? शेजारच्या ठाण्यानं दोन गावठी कट्टे धरले होते. माझ्याकडे काहीच नव्हतं. भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, तुमच्या हद्दीत सगळे संतच राहतात वाटतं. सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला फार लागलं. मी मुळात तापट, त्यात अपमान पोटात ठेवायची सवय नाही. ठाण्यात परत येऊन गुन्हे शोध पथकाच्या पोरांना मी असं झापलं की दोघं जेवायलासुद्धा गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी खबर आली. कारखान्यांच्या उद्यमनगरात आमचा एक जुना खबरी होता, चहाची गाडी चालवायचा. चहावाल्यासारखा खबरी नाही. लोक त्याच्यासमोर सगळं बोलतात आणि त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्याच्या गाडीमागे एक हीट ट्रीटमेंटचं दुकान होतं. म्हणजे लोखंडी पार्ट भट्टीत लाल करून, तेलात बुडवून कडक करून देतात ते. तो म्हणाला, “साहेब, एक मास्तर हाय. पिस्तुलाच्या पिना हार्डनिंगला घिऊन येतोय. परवा एक पिस्तूलबी आणलतं पिशवीतनं. ही एवढी तोंडाची नळी हाय.” आणि त्यानं दोन बोटांनी चहाच्या ग्लासाएवढं भोक करून दाखवलं.

एवढ्या मोठ्या तोंडाचं पिस्तूल असतं का, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडायला हवा होता. पडला नाही. मला फक्त क्राईम मीटिंग दिसत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मंगळवारी सकाळी आठला स्टेशन डायरीला नोंद करून, दोन पंच आणि चार माणसं घेऊन मी निघालो. पंच नेहमीचेच, एक झेरॉक्सवाला आणि एक दूध डेअरीवाला. मास्तरांचं घर उपनगरातल्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन. दारात पांढरा सदरा घातलेले, सडपातळ, चष्मेवाले गृहस्थ उभे. आम्ही साध्या कपड्यात होतो. त्यांना वाटलं कुणीतरी काम घेऊन आलंय. “या की पावणं, आत या,” म्हणाले. मी ओळख सांगितली, कशासाठी आलो ते सांगितलं. माझी अपेक्षा अशी की आता हा मागच्या दारानं पळेल किंवा चक्कर येऊन पडेल. माणसानं काय करावं? त्याचा चेहरा उजळला. “पिस्तुलं बघायला आलासा? मग आधी हात धुवून घ्या. घामानं पितळ काळं पडतंय,” असं म्हणून त्यांनी स्वतःच कपाट उघडलं.

आत निळ्या फ्लॅनेलवर पाच पिस्तुलं मांडलेली होती. जाडजूड, आखूड नळीची, लाकडी मुठीची. चकाकत होती. माझ्या पथकातल्या एका पोरानं तर शिट्टीच वाजवली.

आता ती काय होती ते सांगतो. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि मास्तर सांगत होते तेव्हा मी नीट ऐकलं नाही. ती विमानातली सिग्नल पिस्तुलं होती, महायुद्धाच्या काळातली. त्यात गोळी नसते, रंगीत उजेडाचा बार असतो. विमानाचा रेडिओ बंद पडला, किंवा आत माणूस जखमी असला, की वैमानिक आभाळात लाल बार उडवायचा. खाली धावपट्टीवरच्यांना कळायचं की ह्याला आधी उतरू द्या. एका पिस्तुलाच्या तोंडाला दोन कान होते. ते विमानाच्या छतातल्या भोकात अडकवून फिरवायचे, म्हणजे तिथंच बसायचं. मी विचारलं, ह्याला नेम धरायची माशी का नाही? मास्तर हसले. “आभाळाला कसला नेम, साहेब? ह्यानं कोण मेलं न्हाई. माणसं वाचल्यात ह्यानं.”

ते एवढं मनापासून सांगत होते आणि मी रायटरला सांगत होतो, लिही, विदेशी बनावटीची मोठ्या बोअरची पिस्तुलं, नग पाच. पंचनाम्याला माशी नसल्याचं लिहिलं नाही. कान असल्याचंही नाही. कपाटात एक वहीसुद्धा मिळाली. प्रत्येक भागाचं पेन्सिलनं काढलेलं चित्र, शेजारी सुबक मराठी अक्षरात मापं. ती मी जप्त केली आणि लिहिलं, शस्त्रनिर्मितीचे आराखडे. मास्तर रायटरच्या खांद्यावरून वाचत होते. ते म्हणाले, “निर्मिती न्हवं ओ, दुरुस्ती.” मी म्हटलं, तेही लिहून घेऊ.

ठाण्यात आणल्यावर चौकशी सुरू झाली. हळूहळू माणूस कळत गेला. घर बौद्ध कुटुंबाचं, मूळ गाव नेसरीकडे. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. ह्यांनी आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला, काही वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, मग शासकीय आयटीआयमध्येच शिल्प निदेशक म्हणून लागले. वर्कशॉपमधली पोरं त्यांना मास्तर म्हणायची. अर्ध्या उद्यमनगरातले टर्नर त्यांच्या हाताखालून गेलेले. अठ्ठावन्न पुरी व्हायला चार महिने होते. पिस्तुलांचा नाद वीस वर्षांपासूनचा. एक बेळगावच्या भंगारात मिळालं. एक त्यांच्या गावाजवळच्या घरातून. त्या घरातले आजोबा लढाईत विमानतळावर मेकॅनिक होते. तिथल्या विहिरीचा पंप मास्तरांनी नीट करून दिला आणि बदल्यात ते मागून आणलं. सगळीच मोडकी होती. कुणाची स्प्रिंग गेलेली, कुणाची मूठ फुटलेली, आणि पाचांपैकी एकातही फायरिंग पिन नव्हती.

पिन म्हणजे पिस्तुलाचा जीव. घोडा ओढला की ती पुढे जाऊन काडतुसाच्या बुडावर आपटते. पिन नाही तर पिस्तूल म्हणजे कागदावर ठेवायचं वजन. मास्तरांनी पाचही पिना नव्यानं केल्या होत्या. कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. बार मिळत नाही, मिळाला तरी उडवायचा नाही, मग पिन कशाला? ते म्हणाले, “अपुरं कसं ठेवायचं?” कोल्हापुरातला कारागीर असाच असतो. इंजिनाचा पार्ट दाखवा, तो घरी जाऊन तसाच करून आणतो आणि वर म्हणतो, तुमच्यापेक्षा बरा झालाय. अपुरी वस्तू त्याला बघवत नाही.

इथं कायदा थोडा सांगायला हवा. जुन्या, संग्रही ठेवण्यासारख्या हत्यारांना कायद्यात सूट आहे. पण ते हत्यार तसंच किंवा दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसावं. मास्तरांची पिस्तुलं मोडकी राहिली असती तर ती फार तर वादाची गोष्ट होती. त्यांनी ती चालती केली आणि सूट गेली. शिवाय बिनपरवाना हत्यार दुरुस्त करणं हा वेगळा गुन्हा, जास्त शिक्षेचा. पण ती दुरुस्ती त्यांनीच केली हे सिद्ध करायला लागणार होतं.

दुपारी त्यांच्या वसाहतीतले एक वकील ठाण्यात येऊन त्यांना भेटून गेले. वकील शहाणे होते. त्यानंतर मास्तरांचा सूर बदलला. काहीही विचारलं की खाली बघून म्हणायचे, “शोभेच्या वस्तू हायत. चालत न्हाईत. बाकी मला ठावं न्हाई.” दोन तास हेच. घरी जे कपाटापाशी बोलले ते पोलिसापुढचं बोलणं, कोर्टात त्याला किंमत नाही. माझ्या हातातून केस सुटायला लागली.

पण मी एक बघितलं होतं. ‘चालत न्हाईत’ म्हणताना ते अडखळायचे. खोटं बोलणाऱ्याची नजर पळते, हे सगळेच पोलीस सांगतात. ह्यांची नजर पळत नव्हती. ती टेबलावरच्या पिस्तुलाकडे जात होती. मी एक पिस्तूल सील न करता टेबलावर मोकळं ठेवलं होतं. नियमात बसत नव्हतं, तरी ठेवलं होतं. चौकशीत मारहाणीनं जे निघत नाही ते माणसाच्या वर्मावर बोट ठेवलं की निघतं. मी ते पिस्तूल उचललं, उघडलं, आत बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

“मास्तर, खरं सांगू? पिन अगदी भिकार आहे. कुणीतरी नवशिक्यानं कानशीनं घासून घातलीय. ही मधोमध बसायचीसुद्धा नाही. चालत नाही म्हणता ते खरं दिसतंय.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“कानशीनं?” ते म्हणाले. “साहेब, लेथवर केलीय ती. सिल्व्हर स्टीलची. हार्डन करून पिवळ्या रंगाला टेंपर केलीय. दोन येळंला मनासारखी झाली न्हाई म्हणून टाकून दिली. ही तिसरी. कोण म्हणतंय मधी बसत न्हाई?”

मी म्हटलं, बोलायला काय जातंय. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. टेबलावर मुद्देमालाला सील करायची लाख पडली होती. तिचा तुकडा त्यांनी मेणबत्तीवर मऊ केला, पिस्तुलाच्या बुडाशी जिथं काडतूस बसतं तिथं थापला, पिस्तूल बंद केलं आणि घोडा ओढला. खट् आवाज झाला. लाखेचा तुकडा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बरोबर मध्यभागी, कंपासनं काढल्यासारखा, एक बारीक गोल खड्डा होता.

“बघा,” ते म्हणाले. चेहऱ्यावर वर्गात पोराला चूक दाखवून दिल्यावर मास्तराचा असतो तो आनंद होता.

मी उठून पंचांना हाक मारली.

पुढचं सगळं कायद्याप्रमाणे. पिना मी केल्या, उरलेलं मटेरियल आणि मापाचा साचा घरी शेडमध्ये आहे, तो काढून देतो, असं निवेदन पंचांसमोर लिहून घेतलं. मग त्यांनीच आम्हाला नेऊन लेथखालच्या डब्यातून ते काढून दिलं. आरोपीनं स्वतः दाखवून दिलेली वस्तू कोर्टात पुरावा म्हणून चालते. संध्याकाळी सहाला अटक दाखवली. पथकातल्या पोरांनी माझी पाठ थोपटायचीच बाकी ठेवली होती. चौकशी कशी करायची हे साहेबांकडून शिकावं, असं रायटर दोन महिने सांगत फिरला. मलाही ते ऐकायला गोड वाटायचं.

बुधवारी सकाळी, आरोपीला कोर्टात न्यायच्या आधी, मास्तरांच्या पत्नी ठाण्यात आल्या. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. ठाणे अंमलदारानं बाकावर बसवलं तरी बसल्या नाहीत. त्या रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. सरळ मुद्द्यावर आल्या.

“साहेब, ह्येंच्या ऑफिसातला क्लार्क म्हणला, अठ्ठेचाळीस तासांच्या वर आत ऱ्हायलं की सरकारी माणूस आपोआप निलंबित हुतोय. उद्या सांजपतोर सुटलं तर नोकरी ऱ्हातीया. केस चालू दे की. कोर्टात काय व्हायचं ते हुईल. पर निलंबनात रिटायर झालं तर ह्यो माणूस जित्ता ऱ्हायचा न्हाई.”

मग त्यांनी सांगितलं की गावाकडच्या विहारात सत्कार ठरलाय. त्यांच्या भावकीत सरकारी नोकरी पूर्ण करून निवृत्त होणारा हा पहिलाच माणूस. सासूबाई नव्वदीच्या आहेत, रोज विचारतात किती दिवस राहिले.

अठ्ठेचाळीस तासांचा नियम मला पाठ होता. कुठल्या पोलीस अधिकाऱ्याला नसतो? माझ्या हातात काय होतं तेही मला माहीत होतं. तपासाचं काम झालं होतं. पिस्तुलं मिळाली, साचा मिळाला, निवेदन झालं. रिमांड रिपोर्टमध्ये मी पोलीस कोठडीची गरज नाही असं लिहिलं असतं आणि जामिनाला फार विरोध केला नसता, तर त्याच दिवशी किंवा गुरुवारी दुपारपर्यंत माणूस घरी गेला असता. केस तशीच चालली असती. माझ्या यादीत नोंद झाली असती. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण साहेब दौऱ्यावर होते, शुक्रवारी येणार होते. पत्रकार परिषद शुक्रवारी ठरली होती. तुम्ही पेपरात बघता ना, टेबलावर मुद्देमाल मांडलेला, मागे अधिकारी ओळीनं उभे आणि त्यांच्यामध्ये तोंडावर काळा बुरखा घातलेला आरोपी. त्या फोटोला आरोपी लागतो. तो शुक्रवारपर्यंत माझ्या ताब्यात असायला हवा होता.

मी त्या बाईंना म्हणालो, “मला त्या नियमाचं काही माहीत नाही. कायद्याप्रमाणे होईल.” आणि टेबलावरची फाईल उघडली. आणखी हत्यारांचा आणि साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, असं कारण लिहून मी तीन दिवसांची पोलीस कोठडी मागितली. ती मिळाली.

त्या तीन दिवसांत काहीही शोध घेतला नाही. घ्यायचा काय होता? मास्तर कोठडीत बसून असत. एकदा त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला कोठडीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायला सांगितलं, फार करकरते म्हणून. गुरुवारी संध्याकाळी सहाला अठ्ठेचाळीस तास झाले. मी तेव्हा घड्याळाकडे बघितलं होतं, हे मला पक्कं आठवतं. शुक्रवारी फोटो झाला. शनिवारी पेपरात मोठा मथळा आला, शस्त्रसाठा जप्त. पुढच्या क्राईम मीटिंगला साहेबांनी माझं नाव घेतलं.

मास्तरांना जामीन मिळायला तीन आठवडे गेले, कारण दुरुस्तीच्या मोठ्या कलमावर बोट ठेवून मी जामिनाला विरोध केला होता. निलंबनाचा आदेश त्याआधीच घरी पोचला होता. निवृत्तीचा दिवस निलंबनातच आला आणि गेला. आयटीआयच्या गेटातून आत जायलाही परवानगी नव्हती. विहारातला सत्कार झाला नाही. त्यांच्या आई त्याच वर्षी गेल्या. हे मला नंतर कळलं.

केस बरीच वर्षं चालली. प्रयोगशाळेचा अहवाल आला. सिग्नल पिस्तुलं, नेहमीची कुठलीही गोळी ह्यातून उडत नाही, यंत्रणा चालू स्थितीत. साक्षीला मी उभा राहिलो तेव्हा बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं की पंचनाम्यात माशी नसल्याचं का लिहिलं नाही. मी म्हणालो, लक्षात आलं नाही. मास्तर निर्दोष सुटले. निवृत्तिवेतनाचंही पुढे मार्गी लागलं. पिस्तुलं परत न्या म्हणून ठाण्यातून त्यांना तीनदा कळवलं गेलं. ते आले नाहीत.

एक गोष्ट मी स्वतःलाच खूपदा विचारली आहे. हीच पिस्तुलं ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यात, एखाद्या मोठ्या डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात मिळाली असती तर? मी आधी फोन केला असता. बूट दाराबाहेर काढले असते. जाणकाराला बोलावून माहिती घेतली असती आणि जाताना, वा, काय छंद जोपासलाय, असंही म्हणालो असतो. पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या घरी तीच वस्तू शस्त्रसाठा झाली. मी जातपात मानत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलो. सांगणं सोपं आहे.

मग माझी निवृत्ती आली. आमच्यात प्रथा आहे, निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवतात आणि हाताखालचे लोक दोरानं ती जीप ठाण्याच्या गेटाबाहेर ओढत नेतात. बॅण्ड होता. माझी बायको, सून, नातू सगळे होते. जीप गेटापर्यंत आली आणि मला एकाएकी रडू फुटलं. लोकांना वाटलं, साहेबांना ठाणं सोडवत नाही. पण त्यानंतर महिनाभर झोप लागेना, तेव्हा एके दिवशी चार वाजता मी मास्तरांच्या घरी गेलो.

त्यांनी ओळखलं. “या,” म्हणाले. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. खुर्ची दिली. पत्नींनी पाणी आणून ठेवलं आणि आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. मी काय बोलावं हे घरून ठरवून गेलो होतो, ते सगळं विसरलो. मास्तरच म्हणाले, “साहेब, एक विचारायचं हुतं. लई दिवस मनात हाय. तुमी तवा पिन भिकार हाय म्हणलासा. ते खरंच तसं वाटलंतं?”

मी म्हणालो, “नाही मास्तर. मला पिनेतलं काही कळतच नव्हतं. तुम्ही बोलावं म्हणून म्हणालो.”

ते हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. पत्नीकडे बघून म्हणाले, “बघ, मी म्हणत न्हवतो? पिन बराबरच हुती.” मग माझ्याकडे वळून त्यांनी माझी समजूत काढायला सुरुवात केली. लोक तुम्हाला नावं ठेवतात, पण मी त्यांना सांगतो, साहेबांनी त्यांचं काम केलं, चूक माझी, पिना घालायला नको होत्या. “आणि त्ये अठ्ठेचाळीस तासांचं म्हणाल तर त्यो नियम हाय. त्याला तुमी काय करणार? तुमाला ठावंबी न्हवतं. हिनं सांगितलतं मला.”

तिथं मी गप्प बसू शकलो असतो. माफी न मागताच मला ती मिळाली होती. चहा पिऊन, नमस्कार करून घरी आलो असतो आणि झोपही लागली असती. पण आतल्या दाराशी त्या बाई उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं हे मला दिसत होतं. इतकी वर्षं त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, “मला माहीत होतं, मास्तर. तुम्हाला बुधवारीच सोडता आलं असतं. तपास संपला होता.”

मास्तरांचं हसू गेलं. त्यांना समजायला थोडा वेळ लागला.

“मग का?” त्यांनी विचारलं.

गुन्हेगारांची असंख्य उत्तरं मी ऐकली आहेत. त्यातलं एकही माझ्या उत्तराइतकं हलकं नव्हतं.

“शुक्रवारी पेपरवाल्यांचा फोटो होता,” मी म्हणालो.

ते उठले, चप्पल घातली आणि मागच्या शेडकडे निघून गेले. बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. “घ्या,” म्हणाल्या, “निवतोय.” मी तो चहा घेतला. न घेता उठायचा हक्कही मला नव्हता. मास्तर पुन्हा बाहेर आले नाहीत.

केसमधून काय शिकलात, असं आम्हाला व्याख्यानाला बोलावणारे लोक विचारतात. मी नव्या अधिकाऱ्यांना एकच सांगतो. कोठडीचे दिवस मागायला अर्ज लिहाल तेव्हा आकडा घालायच्या आधी पेन थांबवा आणि स्वतःला विचारा, हा दिवस तपासाला हवाय की मला? पोरं वहीत लिहून घेतात. त्यांना वाटतं, साहेब नियमाचं सांगताहेत. मी त्यांना सांगत नाही की मी तीन दिवस मागितले होते, तिन्ही माझ्यासाठी मागितले होते, आणि त्यातला दुसरा दिवस संपायच्या आत एका माणसाची सगळी नोकरी मातीत गेली.